वाचकांचे अभिप्राय फलकावर परत लावा : ग्रंथालयाच्या व्यवस्थापक मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि व्यवस्थापक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रंथालयाच्या तरुण वाचक मंडळाने व्हिडिओ गेमवर आधारलेल्या एका अद्भुत कादंबरीवर लिहिलेले अभिप्राय ‘खेळाची जाहिरात’ ठरवून दर्शनी फलकावरून उतरवण्यात आले, वार्षिकांकाच्या मुद्रितांतून तो विभाग काढून टाकण्यात आला आणि खेळांवर आधारित पुस्तके यापुढे खरेदी केली जाणार नाहीत व त्यांच्यावर ग्रंथालयात चर्चाही ठेवली जाणार नाही, अशी सूचना देवघेव विभागाच्या खिडकीपाशी लावण्यात आली. या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून मी कार्यवाहांना लेखी विनंती केली होती. निर्णय झालेला आहे, आता त्यात बदल होणार नाही, असे तोंडी उत्तर मला मिळाले. प्रश्न माझ्या एकटीचा असता तर मी तेथेच थांबले असते. परंतु ग्रंथालयात काय वाचले जावे आणि वाचलेल्याविषयी लिहिलेले मत कोणी, कशाच्या आधारावर काढून टाकावे, हा प्रत्येक सभासदाचा प्रश्न आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बडोद्यातील मराठी वाचकांना ते कळेल, आणि माझी तक्रार एका निर्णयाबद्दल आहे, माणसांबद्दल नाही.

मी या ग्रंथालयाची आजीव सभासद आहे. माझ्या आईने मला येथे आणले, माझ्या मुलांना मी आणले, आणि गेली काही वर्षे शनिवारच्या तरुण वाचक मंडळाचे काम पाहते आहे. हे काम किती अवघड आहे याची आपल्याला कल्पना आहे, कारण तरुण सभासदांची संख्या घटत असल्याची खंत प्रत्येक वार्षिक अहवालात आपणच नोंदवत आला आहात. आपल्या घरांतली मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाच्या शाळांत शिकतात. घरात ती मराठी बोलतात, तीही आपल्या बडोदेकरांची, निम्मे क्रियापद गुजराती वळणाचे असलेली. पण मराठीत चार ओळी लिहायची वेळ त्यांच्यावर वर्षानुवर्षे येत नाही. शाळेत मराठी नाही, परीक्षेत नाही, मोबाइलवर लिहितात ते रोमन लिपीत. अशा मुलांनी एक इंग्रजी कादंबरी वाचून तिच्यावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले. ते कागद आपण उतरवले आहेत, आणि माझे या प्रकरणातले सगळे दुःख या एका गोष्टीत आहे.

कादंबरीची निवड मुलांनी केली होती. ‘लॉर्ड ऑफ द क्लॅन्स’ हे तिचे नाव, लेखिका क्रिस्टी गोल्डन, प्रकाशन २००१ चे. ‘वॉरक्राफ्ट’ या १९९४ पासून चालत आलेल्या संगणकीय खेळाच्या जगात ती घडते. तिच्या जन्माची हकिगत मंडळाने ऐकावी अशी आहे. याच कथेवर ‘वॉरक्राफ्ट’ बनवणाऱ्या कंपनीने एक स्वतंत्र खेळ बनवायला घेतला होता आणि बरेच काम झाल्यावर १९९८ मध्ये तो रद्द केला. खेळ बाजारात आलाच नाही. कथा उरली, ती कादंबरीमुळे. तिच्यातला नायक पुढे २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात आला, तेव्हा कादंबरी वाचलेल्यांना तो आधीपासून ओळखीचा होता. म्हणजे जिला आपण खेळाची शेपटी समजून बाहेर काढले, त्या कादंबरीनेच खेळाने टाकून दिलेली कथा जगवली आहे.

कथानक थोडक्यात सांगते, कारण निर्णय घेताना ते कोणी विचारले नाही. मानवांशी झालेल्या युद्धात हरलेले ऑर्क या मानवेतर जमातीचे लोक छावण्यांत कोंडलेले आहेत. त्यांच्यातले एक तान्हे मूल, आईबाप मारले गेल्यानंतर, ब्लॅकमूर नावाच्या सरदाराला कापडात गुंडाळलेले सापडते. तो त्याला किल्ल्यात नेऊन गुलाम म्हणून वाढवतो. त्याला लढायला आणि वाचायलाही शिकवतो, कारण पुढे त्याच्याकरवी ऑर्कांची फौज उभी करून स्वतः सत्ता बळकावण्याचा त्याचा डाव असतो. त्या मुलाचे नाव थ्रॉल. किल्ल्यातल्या एका नोकराची मुलगी टरेथा त्याच्यासाठी धाडलेल्या पुस्तकांच्या पानांत चिठ्ठ्या लपवून ठेवते, तो त्यांना उत्तरे लिहितो, आणि त्या कोठडीत त्याला मिळालेली माणुसकी पुष्कळशी या चिठ्ठ्यांतूनच येते. पुढे तो पळतो, आपल्या लोकांना शोधतो, छावण्या मोकळ्या करतो. टरेथाला मात्र ब्लॅकमूर मारून टाकतो. वाचायला शिकल्यामुळे गुलामीतून बाहेर पडण्याची वाट सापडलेल्या माणसाची ही गोष्ट एका ग्रंथालयाच्या फलकावर चर्चेला येऊ नये, असे मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

आता त्या कागदांविषयी. ते आपण काढले, पण वाचले नाहीत असे मला खात्रीने वाटते, कारण वाचले असते तर खेळाची जाहिरात हा शब्द त्यांच्यासाठी कोणी वापरला नसता. बारावीनंतर वाणिज्य शाखेत गेलेल्या एका मुलाने लिहिले आहे की ब्लॅकमूर हे पात्र कच्चे आहे. तो पहिल्या पानापासून दुष्ट आहे आणि शेवटच्या पानापर्यंत त्याच प्रमाणात दुष्ट राहतो, आणि लेखिकेला त्याच्या हातून चूक घडवायची असली की तिथे तो दारू प्यालेला असतो. हा खलनायक स्वतःच्या नजरेत कसा दिसतो ते एकदा तरी दाखवायला हवे होते, ही त्याची मागणी आहे. दहावीतल्या एका मुलीचा अभिप्राय दोन पाने भरून आहे आणि त्यात राग आहे. टरेथाला स्वतःचे आयुष्यच दिलेले नाही, ती चिठ्ठ्या लिहिते ती थ्रॉलसाठी, सरदाराच्या मर्जीत राहणे तिला भाग पडते तेही कथेला हवे म्हणून, आणि शेवटी मरते ती थ्रॉलला राग यावा म्हणून, असे तिचे म्हणणे आहे. स्त्रीपात्राचा असा वापर हा कादंबरीचा सगळ्यांत मोठा दोष आहे, असा निष्कर्ष तिने काढला आहे. या मुलीने मराठी समीक्षेचे एकही पुस्तक वाचलेले नाही. तिची शाळा गुजराती माध्यमाची आहे, आणि दुसऱ्या पानावर भरात येऊन लिहिताना तिची शिरोरेखा सुटलेली आहे. अर्ध्या पानानंतर तिच्या ते ध्यानात आले असावे, कारण तेथून मागे जाऊन वेगळ्या शाईने तिने प्रत्येक शब्दावर रेघ ओढलेली आहे. तो कागद उतरवताना टाचणीपाशी फाटला आहे.

आमच्या वाचक मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीही कादंबरी वाचली. त्यांनी आयुष्यात संगणकावरचा कोणताही खेळ खेळलेला नाही. नावे लक्षात राहीनात म्हणून त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पात्रांची यादी पेन्सिलीने लिहून काढली आणि मग पुस्तक एका आठवड्यात संपवले. भाषा त्यांना साधी, जागोजाग ढिली वाटली. लढायांची वर्णने त्यांनी भराभर उलटली. पण थ्रॉलला शस्त्रविद्या शिकवणारा आणि शरण आलेल्याला मारू नये हे बजावणारा वयस्क सैनिक त्यांना फार भावला, आणि शिक्षकाचे खरे काम काय यावर त्यांनी त्या निमित्ताने एक सुरेख परिच्छेद लिहिला.

दोन अभिप्रायांचा उल्लेख मला अधिक सविस्तर करायचा आहे. एका मुलाला कादंबरी आवडली नाही, आणि त्याने कारण दिले ते कर्णाचे. तान्हेपणी दुसऱ्याच्या हाती गेलेले मूल, परक्याच्या अन्नावर वाढलेला योद्धा, आपण कोणाचे हे उशिरा कळणे : हे सगळे आपल्याकडे आहे आणि जास्त खोलात आहे, असे त्याने लिहिले. त्याच्या आजोबांनी त्याला ‘मृत्युंजय’ मोठ्याने वाचून दाखवलेली आहे. त्याचा मुद्दा असा, की कर्णाला जन्माचे सत्य कळूनही तो दुर्योधनाला सोडत नाही, कारण खाल्ल्या अन्नाचा आणि दिल्या मानाचा प्रश्न त्याला टाळता येत नाही. थ्रॉलच्या बाबतीत लेखिकेने पालनकर्त्यालाच क्रूर करून टाकले, त्यामुळे सोडून जाणे सोपे झाले आणि कथेतला खरा पेच निसटला. थ्रॉलच्या बाजूचे लोक यावर उठले. ज्याने गुलाम म्हणून वाढवले त्याचे ऋण कसले, असा प्रतिवाद झाला, आणि त्या शनिवारी ग्रंथालय बंद करायची वेळ होऊन गेली तरी मुले जिन्यात उभी राहून अन्न आणि ऋण यांवर भांडत होती. इतकी वर्षे आपण ‘मृत्युंजय’वर परिसंवाद ठेवत आलो. त्या कादंबरीवर इतक्या तळमळीने वाद घालणारे सोळा-सतरा वर्षांचे वाचक आपल्या संस्थेने अलीकडे केव्हा पाहिले होते?

दुसरा अभिप्राय खेळ खूप खेळलेल्या मुलाचा आहे. कादंबरीतल्या छावण्यांत ऑर्क नुसते बसून असतात. पळण्याची संधी असली तरी उठत नाहीत, कारण ज्या आसुरी शक्तीच्या बळावर ते लढत होते ती ओसरल्यावर त्यांच्यात इच्छाच उरलेली नाही. हे वर्णन वाचताना रात्रभर खेळून सकाळी तसेच पलंगावर बसून राहिलेले आपण आपल्याला दिसलो, असे या मुलाने लिहिले आहे. खेळात सैनिकांच्या तुकड्या बोटाच्या टिचकीने मरायला पाठवताना काही वाटत नसे, आणि छावणीचे प्रकरण वाचल्यावर ते तसे राहिले नाही, असेही त्यात आहे. मुलांनी खेळातून बाहेर पडावे ही मंडळाची इच्छा आहे. मग हा कागद तर मंडळाने स्वतः चौकटीत लावायला हवा होता.

खेळांविषयीची आपली काळजी मी हलकी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान दिलेले आहे. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळासाठी आठवड्याला तीन तास एवढीच मुभा ठेवली. आपल्या गुजरातेत राजकोटला २०१९ मध्ये पोलिसांनी पबजीवर बंदी घालून मुलांना पकडलेही होते. पालक म्हणून मीही या सगळ्यातून गेले आहे. पण पडद्यापुढून उठून चारशे-पाचशे शब्द मराठीत लिहायला बसलेल्या मुलाला तुझे पुस्तक येथे चालणार नाही असे सांगितले, तर तो मुलगा ग्रंथालयाने सुचवलेले दुसरे पुस्तक घेईल, हा हिशेब मला चुकीचा वाटतो. तो घरी जाईल, आणि घरी खेळ आहेच. सूचना लागल्यानंतरच्या शनिवारी तरुण वाचक मंडळाच्या निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या.

सूचनेतले तत्त्वही तपासून पाहावे. खेळावर आधारलेले ते साहित्य नव्हे, असे ते तत्त्व आहे. पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांची विचर ही कथामालिका १९८६ मध्ये एका मासिकातल्या कथेपासून सुरू झाली आणि तिच्यावरचा पहिला मोठा खेळ आला तो २००७ मध्ये. आपल्या सूचनेनुसार ही पुस्तके चालतील, कारण येथे पुस्तक आधी आणि खेळ नंतर. ‘ड्रॅगन एज’ या खेळाचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी त्याच जगावर २००९ मध्ये कादंबरी लिहिली, ती मात्र चालणार नाही, जरी खेळ आणि कादंबरी दोन्हींच्या लेखनामागे तोच माणूस असला तरी. ‘मिस्ट’ हा खेळ बनवणाऱ्या मिलर बंधूंनी १९९५ मध्ये सहलेखकाच्या साथीने त्या जगाची पूर्वकथा कादंबरीरूपात आणली. तिच्यातली माणसे पुस्तके लिहून त्या पुस्तकांच्या वाटेने दुसऱ्या जगांत जातात. तीही चालणार नाही. कथा आधी कोणत्या माध्यमात होती यावरून तिची किंमत ठरवायची झाली, तर कीर्तनाच्या आख्यानातून, लोकनाट्यातून किंवा वृत्तपत्रातल्या बातमीतून उभ्या राहिलेल्या किती मराठी पुस्तकांना आपल्याला कपाटाबाहेर ठेवावे लागेल याचा विचार व्हावा.

अशी पुस्तके सगळी चांगली असतात असे मी म्हणत नाही. पुष्कळशी घाईने, खेळाच्या विक्रीला हातभार लागावा म्हणून लिहिलेली असतात. ‘बाल्डर्स गेट’ या गाजलेल्या खेळावर १९९९ मध्ये निघालेल्या कादंबरीला त्या खेळाच्या चाहत्यांनीच नावे ठेवली. पण चांगले आणि सुमार यांतला फरक कळतो तो वाचून, आणि इतरांना कळतो तो वाचणाऱ्याने लिहून ठेवल्यावर. आपण नेमके ते लिहिलेलेच काढून घेतले. आता दुसरा कोणी सभासद हे पुस्तक हातात घेईल, तेव्हा टरेथाविषयीचा आक्षेप त्याला सांगायला कोणी नाही.

अद्भुताची आपल्याला ॲलर्जी असावी असेही नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ आपल्या संदर्भ विभागात जपून ठेवलेल्या आहेत, आणि मराठी कादंबरीच्या आरंभकाळातले टप्पे म्हणून त्यांच्यावर व्याख्यानेही झालेली आहेत. मंजुघोषेतले विमान कोणाला खटकत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा आपल्याच देवघेव खिडकीतून इतक्या फिरल्या आहेत की कित्येकांची बांधणी पुन्हा करून घ्यावी लागली. त्यांनी वाचनाची गोडी लावलेली माणसे आज आपल्या मंडळात आहेत, आणि हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

हे सगळे बडोद्यात घडावे, याचे मला विशेष वाईट वाटते. आपला प्रत्येक अहवाल महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने सुरू होतो. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली. ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, ही त्यामागची दृष्टी होती. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी जी खोली केली, तिच्यात पुस्तकांच्या जोडीला खेळही ठेवलेले होते. खेळायला आलेले मूल पुस्तकाला हात लावील, हे त्या काळच्या चालकांना उमगलेले होते, आणि त्यांनी खेळाला दाराबाहेर ठेवले नाही. शंभरहून अधिक वर्षांनी, त्याच शहरात, खेळाच्या वाटेने पुस्तकापर्यंत पोहोचलेल्या मुलांना आपण मागे फिरवले आहे.

आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९२१ मध्ये बडोद्यातच भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक स्वतःचे स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आपण आपणही असतो आणि तोही असतो, आणि वाङ्मयाचा आनंद त्या अवस्थेत आहे, असा तिचा आशय. थ्रॉल होऊन खेळलेला मुलगा जेव्हा कादंबरीतला थ्रॉल वाचतो आणि छावणीच्या प्रकरणाशी येऊन थबकतो, तेव्हा त्याला काय होते हे समजून घ्यायला केळकरांचा हा विचार मला आजही उपयोगी वाटतो. आपल्या पुढच्या व्याख्यानमालेसाठी याहून जिवंत विषय मला सुचत नाही. तरुण वाचक मंडळ त्यासाठी तयार होते आणि मुलांनी आपापल्या घरी तसे सांगितलेही होते.

निर्णयाच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे. मुलांना आधी काही सांगितले गेले नाही. ती शनिवारी आली तेव्हा फलकावर नुसत्या टाचण्या होत्या, आणि कागद कोठे आहेत हे त्यांना शिपाईमामांकडून कळले. ते वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांच्या कपाटात होते. वार्षिकांकातला विभाग मुद्रिते तपासून झाल्यावर वगळला गेला, तेही संपादक समितीला न विचारता. या सर्वांत कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा आलेला नाही. ज्यांनी निर्णय घेतला त्यांपैकी कोणी ती कादंबरी वाचलेली आहे का, असे मी कार्यवाहांना विचारले होते. तशी आवश्यकता वाटली नाही, असे ते म्हणाले. कोणत्याही पुस्तकाविषयी हे उत्तर ग्रंथालयात दिले जावे, याचा मला खेद आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. उतरवलेले सर्व अभिप्राय, अनुकूल आणि प्रतिकूल, फाटलेला कागद नीट चिकटवून, पुन्हा त्याच फलकावर लावावेत आणि ठरल्याप्रमाणे महिनाभर ठेवावेत. वार्षिकांक अजून छापखान्यात गेलेला नाही, तेव्हा वगळलेला विभाग त्यात परत घ्यावा, आणि लांबी कमी करायची असेल तर ते काम संपादक समितीवर सोपवावे. मंडळातल्या ज्या सदस्यांना हे पुस्तक अयोग्य वाटते त्यांनी ते वाचून आपला अभिप्राय स्वाक्षरीनिशी मुलांच्या अभिप्रायांशेजारी लावावा. मुलांना तो हवा आहे, त्यांनी मला तसे सांगितले आहे, आणि जाणत्या वाचकाने केलेला कडक विरोध त्यांना यापेक्षा कितीतरी जास्त शिकवील.

खेळांवर आधारित पुस्तकांना सरसकट मनाई करणारी सूचना मागे घ्यावी. पुस्तक घ्यायचे की नाही हे प्रत्येक पुस्तकापुरते ठरावे. निधी थोडा आहे हे मला माहीत आहे, आणि निवड समितीने एखादे पुस्तक वाचून नाकारले तर माझी तक्रार नसेल. त्या निवड समितीवर तीस वर्षांखालील किमान एक सभासद असावा. आज तेथे पन्नाशीच्या आतले कोणी नाही. आणि यापुढे कोणाही वाचकाचा अभिप्राय काढायचा झाल्यास त्याला आधी बोलावून कारण लेखी द्यावे, एवढा एक नियम करावा.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी आवश्यक तितक्या सभासदांच्या सह्यांचा अर्ज मी या पत्रासोबत कार्यालयात देत आहे. मुलांपैकी दोघांना सभेत आपले म्हणणे मांडायचे आहे. ती मराठीत बोलणार आहेत. ती सभासद असली तरी मतदानास पात्र नाहीत, म्हणून त्यांना बोलण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी, अशी विनंती आहे. कादंबरीची प्रत माझ्या मालकीची आहे आणि ती मी देवघेव विभागात ठेवली आहे. सभेपूर्वी मंडळातील ज्यांना वाचायची असेल त्यांनी ती घेऊन जावी. शेवटच्या पानावर पात्रांची यादी आहे, तिचा उपयोग होईल.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे.

आपली नम्र,
एक आजीव सभासद,
दांडिया बाजार, बडोदे